पाच पंचवीसचा पाहुणा

माझ्या पोटात काही राहत नाही. हा आजार मला जन्मापासून आहे आणि त्यावर अजून औषध निघालेलं नाही. दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये मी लहानाची मोठी झाले. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची कोंबडी कुणाच्या पातेल्यात गेली, कुणाचा जावई भर पंगतीतून रुसून उठला, ही सगळी वार्ता माझ्यामार्फत जायची. नुसती नाही, नकलेसकट. जावई कसा उठला, कसा परत बसला आणि बसल्यावर आधी जिलेबीकडे कसा बघत होता, हे मी इतकं साग्रसंगीत करून दाखवायचे की बायका पदर तोंडात कोंबायच्या.

अशा मला पुढे एका दवाखान्यात लोकांचे आजार सांभाळायला बसवलं, तेव्हा माझी सख्खी आई हसून हसून खाली बसली.

ही गोष्ट मी परवानगीने सांगते आहे. ज्यांची आहे त्यांनीच मला सांगितलं, "सांग बिनधास्त, फकस्त नाव घेऊ नको." मग मी म्हटलं, त्यांचं नाही तर कुणाचंच नको. माझंही नको.

लग्न होऊन मी शिरूरला आले. नवरा सणसवाडीला कंपनीत, आज पहिली शिफ्ट तर पुढच्या आठवड्यात दुसरी. घरात मी आणि सासूबाई. सहा महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि त्याच्या जोरावर बसस्टँडजवळच्या एका डॉक्टरबाईंकडे नोकरी लागली. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. डॉक्टरबाईंनी दवाखान्यासाठी नवाकोरा कॉम्प्युटर घेतला होता आणि सगळे केसपेपर त्यात भरायचे ठरवलं होतं.

त्याआधीची पद्धत काय होती? कंपाउंडर दारात उभा राहून नावाऐवजी आजाराने हाका मारायचा. "मूळव्याधवाले कोण? या आत." अख्खं बाकडं वळून बघायचं आणि मूळव्याधवाले मामा आपण भलत्याच कामाला आल्यासारखे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उठायचे. डॉक्टरबाईंना हे अजिबात चालत नव्हतं. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर उभं केलं.

"हे बघ, या स्क्रीनवर जे दिसेल ते या दाराच्या बाहेर जाणार नाही. एकदा गेलं, तर दुसऱ्या दिवशी तू यायचं नाहीस. कळलं?"

"कळलं मॅडम."

"तुझ्याबद्दल मी चौकशी केली आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच जरा मोठ्याने सांगितलं."

बंदोबस्त कडक होता. पासवर्ड दोघींनाच ठाऊक. रोज संध्याकाळी सगळी माहिती फ्लॉपीवर उतरवायची. ती फ्लॉपी डॉक्टरबाई स्वतःच्या जेवणाच्या डब्याच्या वरच्या, रिकाम्या खणात ठेवून घरी न्यायच्या. एकदा तिला लिंबाच्या लोणच्याचं तेल लागलं आणि चाळीस पेशंट वाचता येईनात, तेव्हापासून फ्लॉपीला वेगळा डबा मिळाला. बाकड्यावरचे लोक माना लांब करून स्क्रीन वाचायचे, म्हणून मी मॉनिटर भिंतीकडे वळवला. पण खरं सांगू? पासवर्ड मला कधी कुणी विचारलाच नाही. लोक इतका लांबचा रस्ता घेत नाहीत. भाजी घेताना सरळ विचारतात, "काय गं, त्या दूधवाल्याला काय निघालं?"

आणि घरी सासूबाई. भाकरी थापता थापता रोज एकच प्रश्न: "आज कोण आलं व्हतं गं?" माझ्या नकलांची पहिली चाहती तीच. मी म्हणायचे, "आले होते बरेच." ती म्हणायची, "बरेच म्हंजी कोण?" एखाद्या दिवशी माझा तोल जायचा. नाव न घेता मी नुसती एखाद्याची चाल करून दाखवायचे आणि सासूबाई तव्याकडे बघतच म्हणायची, "अगं बाई, त्यांला मुतखडा झाला व्हय!" चालीवरनं! मग चालही बंद केली. महिनाभर माझं पोट दुखत होतं.

आता आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. मालगाडीचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले आणि तिथंच दौंडला, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर घर बांधून राहिले. रिटायर झाले, पण घड्याळ सुटलं नाही. सहा दहाला चूळ, सहा पंचवीसला चहा. आईने दोन मिनिटं उशिरा कप ठेवला की म्हणायचे, "लेट का?" त्यांना साखरेचा त्रास निघाला. लेकीची नजर राहील म्हणून एसटीने शिरूरला, आमच्या डॉक्टरबाईंकडे यायला लागले.

डॉक्टरबाईंचं तेव्हा नवं काहीतरी चाललं होतं. त्यांचं म्हणणं, महिन्यातून एकदा दवाखान्यात रक्त तपासून काय कळतं? पेशंटने घरीच रोज तपासावं, वहीत लिहावं, काय खाल्लं की आकडा वर जातो ते स्वतःच शिकावं. त्यांनी निवडक पेशंटना रक्तातली साखर मोजायचं छोटं मशीन घरी नेऊ दिलं. बोटाला सुई टोचायची, थेंब पट्टीवर लावायचा, आकडा येतो. मशीन तो आकडा तारीख-वेळेसकट लक्षात ठेवतं आणि वायर जोडली की सगळं आमच्या कॉम्प्युटरवर उतरतं. आप्पांना सांगितलं, "तीन महिने रोज सकाळ-संध्याकाळ मोजा. आकडे चांगले राहिले तर गोळ्यांवर भागवू. नाहीतर इन्सुलिन."

इन्सुलिन या शब्दाने आप्पांचा चेहरा उतरला. रात्र-रात्र इंजिन चालवलेला माणूस, पण इंजेक्शन म्हटलं की घाम. बोटाची सुई त्यांनी कशीबशी मान्य केली होती, पोटात रोज टोचायचं म्हणजे त्यांच्या हिशेबी शेवटचं स्टेशन. त्यांनी ठरवलं, तीन महिने एक दाणा इकडचा तिकडे होणार नाही. मशीन घरी नेल्यावर पहिलं काम काय केलं असेल? त्याचं घड्याळ दौंड स्टेशनच्या घड्याळाला मिळवलं.

दुसरं काम मात्र मला कळलं नाही. आप्पांचा स्वभाव अघळपघळ. घरात नवीन वस्तू आली आणि ती एकट्याने वापरली, हे त्यांना जमणारं नव्हतं. रेडिओ आला तेव्हा गल्ली ऐकायची, फ्रिज आला तेव्हा गल्लीचं दूध आमच्या फ्रिजमध्ये. आता मशीन आलं. "जयभीम, जयभीम, या, बसा. चहा मागनं, आधी बोट द्या." पोस्टमन, गॅसचा सिलेंडर आणणारा, आईच्या विहारातल्या बायका, पुतणी, पुतणीची सासू. सुई दर वेळी नवी, हे ते कटाक्षाने पाळायचे, पण बोट सोडायचे नाहीत. पट्ट्यांच्या डब्या लवकर संपायला लागल्या, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

तीन महिने झाले. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, वही काखेत मारून हजर. वहीत रेल्वेच्या अक्षरात एकाखाली एक आकडे: सकाळी एकशे बारा, एकशे अठरा, एकशे नऊ. संध्याकाळी दीडशेच्या आत. डॉक्टरबाई खूश झाल्या. मी वायर जोडली.

स्क्रीनवर आकडे उतरायला लागले. एकशे बारा. दोनशे चाळीस. एकशे अठरा. तीनशे पंच्याऐंशी. शहाण्णव. चारशे दोन.

डॉक्टरबाईंची भुवई वर गेली.

"आप्पा, वही एक बोलते आणि मशीन दुसरंच बोलतंय."

"वहीतलं खरं हाय, बाई."

"मग मशीनमधलं कुणाचं?"

"आल्यागेल्याचं."

"आल्यागेल्याचं? हे चारशे बघा. तीनशे पंच्याऐंशी, तीनशे नव्वद, दर चार दिवसांनी आहे. असा कोण आलागेला दर चार दिवसांनी येतो?"

मी आप्पांकडे बघत होते. ज्या माणसाने नोकरीत कधी साधी एंट्री चुकवली नाही, तो खोटं लिहिल्याच्या संशयात बसला होता आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवत होता.

"ते न्हाई सांगता येणार," ते म्हणाले. "शब्द दिलाय."

डॉक्टरबाईंचंही बरोबरच होतं. पेशंट वहीत गोड गोड लिहितात, हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं. सकाळचं उपाशीपोटीचं रक्त चांगलं आलं होतं, पण डॉक्टरकडे यायच्या आदल्या दिवशी सगळेच सज्जन होतात. त्या शांतपणे म्हणाल्या, "आप्पा, मी मशीनवर विश्वास ठेवते. आजपासून इन्सुलिन. पहिला डोस इथेच घ्या, सिस्टर शिकवतील."

मला वाटलं आता आप्पा बोलतील. एक नाव घ्यायचं आणि सुटायचं! पण त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. "द्या," एवढंच म्हणाले आणि सिस्टरच्या मागे आतल्या खोलीत निघाले. डॉक्टरबाईही मागोमाग गेल्या.

इन्सुलिनची गरज नसलेल्या माणसाला ते दिलं तर काय होतं, ते मी त्या दवाखान्यात पाहिलं होतं. साखर एकदम खाली जाते. घामाने डबडबलेली, शुद्ध हरपलेली माणसं रिक्षातून उचलून आणलेली पाहिली होती. आणि त्याच क्षणी लाईट गेली. यूपीएसने टिंव टिंव सुरू केलं. आमचा यूपीएस म्हणजे दहा मिनिटांचा धनी.

मी स्क्रीनकडे बघितलं. आकडे तारखेप्रमाणे लागले होते, म्हणून सगळी खिचडी. कोर्समध्ये आम्हाला यादी हवी तशी लावायला शिकवलं होतं. मी म्हटलं, तारीख सोड, वेळेप्रमाणे लाव. बटण दाबलं आणि काय सांगू! खिचडीतून तांदूळ वेगळा, डाळ वेगळी. सहा दहा, सहा दहा, सहा दहा. नव्वद सकाळी, एकही मिनिट इकडेतिकडे नाही, आणि त्यांच्यासमोर एकशे बारा, एकशे अठरा, एकशे नऊ. जसंच्या तसं वहीतलं. संध्याकाळी सात चाळीस, सात चाळीस, तेही वहीतलं. बाकीचे पोस्टमन, सिलेंडरवाले दुपारभर विखुरलेले.

"मॅडम!" मी ओरडले ते थेट नाटकातल्यासारखं. "इंजेक्शन थांबवा!"

डॉक्टरबाई धावत आल्या. मागोमाग सिस्टर, हातात सिरिंज. तिच्या मागे आप्पा, शर्ट वर धरलेला, पोट उघडं.

"हे बघा. सहा दहा माझा बाप आहे. दुसरं कुणी असूच शकत नाही. नव्वद दिवस मिनिटाला मिनिट. असा माणूस वही खोटी लिहील?"

डॉक्टरबाईंनी वही घेतली, बोट ठेवून एकेक आकडा ताडून बघितला. यूपीएस टिंव टिंव करतच होता. पंधरा-वीस ओळी झाल्यावर त्यांनी वही मिटली. "शर्ट खाली करा, आप्पा. मी चुकले. तरी खात्रीसाठी रक्त पुण्याला पाठवते, पण तोवर गोळ्याच." पुढे पुण्याचा रिपोर्ट वहीसारखाच निघाला, हे इथेच सांगून टाकते.

पण डॉक्टरबाईंची नजर स्क्रीनवरून हलली नव्हती. कारण यादीत आणखी एक रांग होती. सतरा पंचवीस, सतरा पंचवीस, सतरा पंचवीस. म्हणजे संध्याकाळचे पाच पंचवीस. दर चौथ्या दिवशी. आकडे सगळे साडेतीनशेच्या वर.

"हा माणूस कोण?" त्या म्हणाल्या. "याला औषध नाही की काही नाही. याला या आठवड्यात माझ्यासमोर आणलं पाहिजे."

आप्पा छताच्या बंद पंख्याकडे बघायला लागले.

मी मात्र ओळखलं होतं. इतकी वक्तशीर माणसं दौंडात दोनच. एक माझा बाप आणि दुसरे गार्डकाका. आप्पा इंजिनात पुढे आणि गार्डकाका शेवटच्या डब्यात, अशी दोघांनी एकाच गाडीच्या दोन टोकांना बरीच वर्षं काढली. समोरासमोर आले की आप्पा म्हणायचे "रामराम" आणि गार्डकाका म्हणायचे "जयभीम", यात कधी चूक नाही. बाकी सगळ्यात भांडण. आणि आप्पांच्या साखरेची सगळ्यात जास्त टिंगल कोण करायचं? हेच. रोज संध्याकाळी पाच वाजता स्टेशनाबाहेरच्या टपरीवर, चारचौघांत:

"काय ड्रायव्हरसायेब, कारखान्याचा गळीत हंगाम कसा हाय औंदा?"

"चाललाय."

"आमास्नी न्हाई बाबा होत असलं काई. गार्डाची जात. गाडीच्या कडंनं चालून चालून हाडं झिजली, साखर चिकटायची कुठं?"

टपरी हसायची. आप्पा बिनसाखरेचा चहा प्यायचे.

आणि दर चौथ्या दिवशी तोच माणूस, आई विहारात वंदनेला गेलेली असताना, पाच पंचवीसला मागच्या दाराने येऊन बोट पुढे करत होता! का, ते मला पुढे कळलं: त्यांच्या थोरल्या मुलीची सोयरीक चालली होती. घरात साखरेचा आजार आहे असं बाहेर गेलं तर स्थळ बिचकेल, ही भीती. डॉक्टरकडे गेलं की बाहेर फुटणार, म्हणून डॉक्टर नको. आप्पांकडून शब्द घेतलेला: बायकोलाही सांगायचं नाही. माझ्या बापाने त्या माणसासाठी पोट उघडं केलं होतं, ज्या माणसाला टपरीवर एका वाक्यात गप्प करता आलं असतं.

"तुला माहीत आहे," डॉक्टरबाई माझ्याकडे रोखून म्हणाल्या.

"हो."

"सांग."

वाचकहो, माझ्या जन्मातली सगळ्यात चांगली बातमी माझ्या जिभेवर होती. नक्कलही तयार होती: मागचं दार, टाचा उचललेल्या, बोट पुढे. मी दात आवळले.

"तुमचाच नियम आहे, मॅडम."

"नियम दाराबाहेरचा आहे. मी दाराच्या आत आहे."

"पण स्क्रीनवर नुसती वेळ आहे. नाव आप्पांच्या पोटात आहे, ते मी कसं देऊ?"

डॉक्टरबाई आधी रागावल्या, मग त्यांना हसू आलं. बसल्या आणि चिठ्ठी लिहिली. आकडे असेच राहिले तर डोळे, मूत्रपिंड, पाय, काय काय जाऊ शकतं ते साध्या शब्दांत. शेवटी लिहिलं: इथे या, इथलं इथेच राहतं. पाकीट चिकटवून माझ्याकडे दिलं. "पत्ता तू लिही."

मी पाकिटावर लिहिलं: १७:२५.

आप्पांनी ते वाचलं, खिशात ठेवलं आणि एसटी पकडली.

पाच दिवस मी दाराकडे डोळे लावून. सहाव्या दिवशी गार्डकाका आले. तीच ती चाल, गाडीच्या कडेने चालल्यासारखी. रांगेत उभे राहिले, नंबर आला, काउंटरला आले. मला पाहिल्यावर त्यांचा चेहरा पडला. दौंडची सगळ्यात मोठ्या तोंडाची पोरगी इथे बसली आहे, हे त्यांना आप्पांनी सांगितलंच नव्हतं.

"नाव?" मी विचारलं.

"माझं नाव इचारती तू?" ते हळूच म्हणाले. "पाळण्यातनं खाली पडली व्हतीस तवा मी उचलली व्हती तुला."

"असेल, काका. पण इथे मी कुणालाच ओळखत नाही. सगळ्यांनाच विचारते. नाव?"

त्यांनी नाव सांगितलं. गाव सांगितलं, वय सांगितलं. मी टाइप केलं. "त्रास काय?" म्हटल्यावर त्यांनी मागे वळून रांगेकडे पाहिलं. मी एक कोरा कागद पुढे सरकवला. त्यांनी त्यावर लिहिलं, मी वाचून टाइप केलं आणि कागदाचे तुकडे त्यांच्याच हातात दिले. तुकडे खिशात घालताना ते पुटपुटले, "तुझ्या बापावर गेलीस की गं." आजवर मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी सगळीकडून आईवर गेले आहे.

त्या संध्याकाळी भाकरी थापता थापता सासूबाईंनी विचारलं, "आज कोण आलं व्हतं गं?"

"कुणी नाही."

तिने तव्यावरची नजर उचलून माझ्याकडे बघितलं. "तब्येत बरी हाय न्हवं तुझी?"

गार्डकाकांना इन्सुलिन सुरू झालं. दोनेक महिन्यांत आकडे दीडशेच्या आसपास आले. मुलीची सोयरीक ठरली, लग्न झालं. लग्नात आप्पा आणि गार्डकाका एकाच पंगतीत, दोघांच्याही पानात जिलेबी नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लग्नानंतर काही दिवसांनी मी माहेरी गेले होते. पाच वाजून गेले होते आणि आई पाय मुरगळल्यामुळे विहारात गेली नव्हती, ओसरीतच बसली होती. बरोबर पाच पंचवीसला पुढच्या दाराची कडी वाजली. गार्डकाका. सगळ्यांदेखत, ताठ मानेने आत आले, खुर्चीवर बसले आणि आप्पांसमोर बोट धरलं.

"जयभीम, ड्रायव्हरसायेब. आमच्या मशीनच्या पट्ट्या संपल्यात. बघा, कारखाना कसा चाललाय."

"रामराम," आप्पा म्हणाले आणि सुई काढली.

आई आप्पांकडे वळली. "आवं, ह्यांलाबी साखर? कवापासनं?"

आप्पांनी थेंब पट्टीवर लावला, मशीन नाकाशी धरलं आणि आकडा यायची वाट बघत म्हणाले, "मला काय ठावं. त्यांलाच इचार."